‘आव्हे मारिया’ : एका नांवाचीं अनेक गाणीं

आमच्या शेजारीं एक गोमंतकीय बाई राहतात. त्यांच्या मातोश्री वारल्या त्याला वर्ष होत आलें होतें. वर्षाच्या दिवशीं इगर्जींत मीस म्हणावयाची होती आणि त्या वेळीं आईचें आवडतें गाणें कोणीतरी गावें, अशी बाईंची इच्छा होती. गाण्याचें नांव त्यांना पक्कें ठाऊक होतें : ‘आव्हे मारिया’. मला पाश्चात्य संगीताच्या जुन्या तबकड्या जमविण्याचा नाद आहे, हें त्या जाणून होत्या. एके दिवशीं सकाळीं त्या येऊन म्हणाल्या, “भाऊ, एवढें एक गाणें काढून द्या, गाणाऱ्या मुलीला ऐकवायचें आहे.”

काम अगदीं सोपें वाटलें. कपाटांतून एक तबकडी काढून मीं ती लावली. अर्ध्या मिनिटांतच बाईंनीं मान हलविली, हें नव्हे. दुसरी लावली, हेंही नव्हे. तिसरीला त्या किंचित् थांबल्या, पण शेवटीं तेंच. दुपारपर्यंत मीं त्यांना सात निरनिराळीं गाणीं ऐकविलीं. प्रत्येकाच्या वेष्टनावर नांव होतें ‘आव्हे मारिया’, आणि त्यांतील एकही त्यांच्या आईचें नव्हतें. त्यांना हवें असलेलें गाणें मला चार दिवसांनीं सांपडलें. त्याची हकीकत शेवटीं सांगेन. परंतु त्या चार दिवसांत या एका नांवाच्या मागें मी जो लागलों, त्यांतून जें हातीं आलें तें आज, श्रोतेहो, आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम नांवाविषयीं. ‘आव्हे’ हा लॅटिन भाषेंतील अभिवादनाचा शब्द आणि ‘मारिया’ म्हणजे येशूची माता मेरी. मारिये, तुला वंदन असो, एवढाच या दोन शब्दांचा अर्थ. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत गाब्रिएल नांवाचा देवदूत मेरीला भेटून तिचें अभिवादन करतो आणि पुढें तिची आप्त एलिझाबेथ तिला धन्य म्हणते. या दोन अभिवादनांची सांगड घालून मध्ययुगांत एक प्रार्थना सिद्ध झाली. आम्हां पाप्यांसाठीं आतां आणि मरणसमयीं रदबदली कर, अशी विनवणी तिच्या उत्तरार्धांत आहे. हा भाग मागाहून जोडला गेला. १५६८ मध्यें पोप पांचवा पायस याच्या आज्ञेनें जो प्रार्थनाग्रंथ निघाला, त्यांत या प्रार्थनेचें आजचें रूप कायम झालें. गोव्यांत हीच प्रार्थना कोंकणींत ‘नमान मोरिये’ या नांवानें घरोघरीं म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. गाब्रिएल आणि मेरी यांच्या भेटीचा हा प्रसंग त्यांत मराठी ओव्यांत आला आहे.

लॅटिन प्रार्थनांना स्वतंत्र मथळा नसे. पहिले शब्द हेंच त्यांचें नांव. आपणही पुष्कळ आरत्या पहिल्या शब्दांवरूनच ओळखतों. तेव्हां या प्रार्थनेला जो जो चाल लावील, त्याच्या त्याच्या रचनेचें नांव ‘आव्हे मारिया’च व्हावयाचें. येथपर्यंत घोटाळा कांहींच नाहीं. इगर्जींत गाणाऱ्याला आपण काय गात आहों हें ठाऊक असे आणि ऐकणाऱ्याला तें कोणीं रचलें याची पृच्छा करण्याचें कारण नसे.

घोटाळ्याला सुरुवात झाली ती छापखान्यापासून. वेनिस येथील ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकानें १५०१ मध्यें सुट्या खिळ्यांनीं बहुस्वरी संगीत छापून पहिलें पुस्तक बाजारांत आणलें. त्याची रीति मोठी कष्टाची होती. एकच कागद तो तीन वेळां यंत्राखालीं घाली; एकदां रेषांसाठीं, एकदां स्वरचिन्हांसाठीं आणि एकदां अक्षरांसाठीं. इतकें करूनही चिन्ह रेषेवर नेमकें बसे, असें त्याचें कसब होतें. पुस्तकाच्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘शंभर गीतें’ असा आहे. प्रत्यक्षांत भरतात ९६. या पुस्तकांतील अगदीं पहिली रचना ‘आव्हे मारिया’ आहे आणि ती मार्ब्रियानुस दे ऑर्तो याची आहे. पुढच्याच वर्षीं, १५०२ मध्यें, पेत्रुच्चीनें धार्मिक गीतांचें पुस्तक काढलें. त्याच्याही आरंभीं ‘आव्हे मारिया’च आहे, मात्र ही जोस्कँ दे प्रे याची. चाल अर्थातच निराळी. इतकेंच नव्हे, तर शब्दही बव्हंशीं निराळे आहेत. आरंभींचें अभिवादन तेवढें समान आणि पुढें मेरीच्या जीवनांतील सणांचें वर्णन करणारी वेगळीच कविता. म्हणजे छापील संगीताच्या इतिहासाचीं पहिलीं दोन वर्षें उलटण्यापूर्वींच एका नांवाचीं दोन गाणीं एकाच दुकानांत शेजारीं शेजारीं येऊन बसलीं होतीं! जोस्कँची रचना आजही गायली जाते. एकेक आवाज दुसऱ्याच्या पाठोपाठ येतो आणि चारही जण एकत्र येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकून राहतो. दे ऑर्तोची आठवण अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला नाहीं.

येथें सहज मनांत येतें कीं आपल्याकडे ‘हरिपाठ’ या नांवाची अशीच स्थिति आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम या प्रत्येकाच्या नांवावर हरिपाठ आहे आणि वारकऱ्याच्या मनांत त्याविषयीं कधीं गोंधळ होत नाहीं. याचें कारण आपल्या कवीनें आपलें नांव मुखपृष्ठावर न ठेवतां गाण्याच्या पोटांत ठेविलें. अभंगाच्या शेवटच्या चरणांत कर्त्याची मुद्रिका असते. मथळा फाटून गेला तरी ती जात नाहीं. मुद्रिका घालून खोटे अभंगही रचले गेले आणि त्यांची छाननी करतां करतां पंडित थकले, ही गोष्ट वेगळी. परंतु युरोपांतील गाण्याला ही सोय मुळींच नव्हती. तेथें कर्त्याचें नांव कागदावर असे. कागद गेला कीं नांवही गेलें.

आतां या नांवाच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याकडे वळूं. सामान्य माणूस ‘आव्हे मारिया’ म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत बहुधा फ्रांट्स शूबर्ट याची चाल असते. आणि मौज अशी कीं शूबर्टनें ‘आव्हे मारिया’ नांवाचें गाणें या ठिकाणीं लिहिलेलेंच नाहीं! त्यानें लिहिलें तें ‘एलेनचें तिसरें गीत’.

ही एलेन स्कॉटलंडची. सर वॉल्टर स्कॉट यांचें ‘सरोवराची स्वामिनी’ हें दीर्घकाव्य १८१० मध्यें प्रसिद्ध झालें आणि सबंध युरोपांत गाजलें. त्याचा जर्मन अनुवाद आडाम श्टोर्क यानें केला. काव्याच्या तिसऱ्या सर्गांत कात्रिन सरोवराच्या परिसरांत लढाईची तयारी चालली आहे. राजाचा रोष ओढवलेल्या आपल्या पित्यासह एलेन डग्लस डोंगरांतील एका गुहेच्या आश्रयाला गेली आहे. वृद्ध भाट वीणेसारखें वाद्य छेडीत आहे आणि त्याच्या साथीवर ती मुलगी मेरीची प्रार्थना म्हणते. तिच्यावर प्रेम करणारा सरदार रॉडरिक सैन्य घेऊन निघण्यापूर्वीं तिचा आवाज लपून ऐकतो. निराश्रित मुलीनें रानांत, दगडांच्या शेजेवर पडतां पडतां केलेला हा धांवा आहे. इगर्जींतील विधीशीं त्याचा संबंध नाहीं. मात्र तिच्या गीताचें प्रत्येक कडवें ‘आव्हे मारिया’ या दोन शब्दांनीं सुरू होतें आणि त्यांवरच संपतें. पुढील सारा गोंधळ या दोन शब्दांनीं घातला.

१८२५ च्या उन्हाळ्यांत शूबर्ट गायक फोगल याच्यासह उत्तर ऑस्ट्रियांत हिंडत होता. त्या वर्षीं त्यानें स्कॉटच्या काव्यांतील सात गीतांना चाली दिल्या. त्यांतील तीन एलेनच्या तोंडचीं. जुलैमध्यें आईबापांस लिहिलेल्या पत्रांत तो कळवितो कीं मेरीच्या या स्तोत्रांतील भक्तीचें ऐकणाऱ्यांना मोठें नवल वाटलें. त्याचें कारणही तो स्वतःच देतो : मी ओढूनताणून भक्ति आणीत नाहीं, ती आपण होऊन दाटून आली तरच असलें कांहीं लिहितों. तो तेव्हां २८ वर्षांचा होता. स्कॉटच्या कीर्तीचा आधार घेऊन आपलीं गाणीं इंग्लंडांतही जावींत, म्हणून मूळ इंग्रजी शब्दही छापावे, अशी त्याची इच्छा होती. १८२६ मध्यें व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकानें हीं सातही गीतें प्रसिद्ध केलीं. दोनच वर्षांनीं, १८२८ च्या नोव्हेंबरांत, ३१ व्या वर्षीं शूबर्ट वारला.

त्यानंतर लोकांनीं त्याच्या गाण्याचें नांव बदललें. ‘एलेनचें तिसरें गीत’ असें लांबलचक कोण म्हणणार? पहिले दोन शब्द धरून ‘आव्हे मारिया’ असेंच तें रूढ झालें. आणि एकदां नांव बदललें म्हणतांना नांवाप्रमाणें शब्दही बदलणें क्रमप्राप्त झालें. कोणीतरी एलेनचें काव्य काढून टाकलें आणि त्या जागीं लॅटिन प्रार्थना बसविली. मूळ गाणें तीन कडव्यांचें. प्रार्थना गद्य आणि लहान. म्हणून कोठें शब्द ताणावे लागतात, कोठें तेच ते पुन्हां घ्यावे लागतात. नीट कान देऊन ऐकलें तर अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा आहे हें समजतें. पण चालच अशी आहे कीं कोणाचें तिकडे लक्ष जात नाहीं. आज लग्नांत आणि अंत्यविधींत हें गाणें लॅटिन शब्दांत गातात. गुहेंतली ती मुलगी, तिचा पिता, तो भाट हीं सर्व मंडळी नाहींशीं झालीं. मला स्वतःला याचें वाईट वाटतें. जर्मन शब्दांत हें गाणें ऐकलें म्हणजे त्यांतला रात्रीचा गारठा अंगाला लागतो. लॅटिन शब्दांत मेणबत्त्या दिसतात, गारठा उरत नाहीं.

पुढें १९४० मध्यें वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेझिया’ या चित्रपटाच्या शेवटीं हीच चाल योजिली गेली आणि तिच्यासाठीं रेचल फील्ड या लेखिकेनें इंग्रजींत आणखी नवे शब्द लिहिले. स्कॉटचे मूळ शब्द इंग्रजीच असतां इंग्रजी चित्रपटासाठीं पुन्हां नवे इंग्रजी शब्द लिहावे लागले, हें चमत्कारिकच म्हणावयाचें.

प्रसिद्धींत दुसरा क्रमांक शार्ल गूनो याच्या ‘आव्हे मारिया’चा. याची जन्मकथा तर आणखी उफराटी आहे. योहान सेबास्टियन बाख यानें १७२२ मध्यें शिकणाऱ्या तरुणांच्या उपयोगासाठीं कळांच्या वाद्यावर वाजवावयाच्या रचनांचें एक पुस्तक सिद्ध केलें. त्यांतला पहिला पूर्वरंग अवघ्या ३५ आवर्तनांचा आहे. त्यांत गाता येईल अशी चाल जवळजवळ नाहींच; नुसते सुटे केलेले स्वरसमूह पाण्याच्या लाटांप्रमाणें एकामागून एक येतात. सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें पॅरिसमध्यें गूनो या लाटा वाजवीत बसला असतां त्यांवर एक चाल मनानेंच गाऊं लागला. त्याचे सासरे त्सिमरमान हे स्वतः वाद्याचे शिक्षक. त्यांनीं ती टिपून घेतली. १८५३ मध्यें ती ‘बाखच्या पहिल्या पूर्वरंगावरील चिंतन’ या नांवानें निघाली. तेव्हां तींत शब्द नव्हते. व्हायोलिन, पियानो वगैरे वाद्यांसाठीं ती होती. पुढें तिला कवि लामार्तीन याच्या फ्रेंच ओळी जोडल्या गेल्या आणि १८५९ मध्यें शेवटीं लॅटिन प्रार्थना येऊन बसली. तेव्हांपासून ती ‘आव्हे मारिया’.

बाख हा निष्ठावंत लूथरपंथीय. त्या पंथांत मेरीला आदर आहे, पण तिची आळवणी करण्याची रीति नाहीं. त्याच्या अभ्यासपाठावर मेरीची प्रार्थना उभी राहिली आहे, हें त्याला कळलें असतें तर त्याच्या मुद्रेवर काय उमटलें असतें, याची कल्पना करावी. त्यांतही गूनोनें वापरलेली प्रत शुद्ध नव्हती. श्वेंके नांवाच्या एका संपादकाला मूळ पूर्वरंगांत एक आवर्तन कमी आहेसें वाटलें आणि त्यानें पदरचें एक घातलें. तें आवर्तन गूनोच्या गाण्यांत जसेंच्या तसें आलें. तेव्हां वेष्टनावर ‘बाख–गूनो’ अशी दोन नांवें असलीं तरी हिशेबानें आंत श्वेंकेही आहे. फक्त तो वेष्टनावर नाहीं.

बाकीच्यांची यादी देत बसलों तर हें भाषण संपणार नाहीं. आंतोन ब्रुकनर यानें १८५६, १८६१ आणि १८८२ अशा तीन वेळां तीन निरनिराळ्या ‘आव्हे मारिया’ रचल्या. त्यांतील १८६१ ची सात आवाजांची सर्वांत थोर. व्हेर्दीच्याही तीन सांगतां येतात. त्यांतील एक १८८७ च्या ‘ओथेल्लो’ संगीतिकेंतील : डेस्डेमोना निजण्यापूर्वीं प्रार्थना म्हणते आणि थोड्याच वेळांत पति तिचा गळा दाबतो. मरणसमयीं आमच्यासाठीं रदबदली कर, या विनवणीचा असा भयंकर उपयोग दुसऱ्या कोणीं केला नसेल. दुसरी एका कोड्यांतून जन्मली. मिलानच्या एका संगीतविषयक पत्रांत एक विचित्र स्वरपंक्ति देऊन तिच्यावर रचना करून दाखवावी, असें आव्हान छापलें होतें. पंचाहत्तरीला आलेल्या व्हेर्दीला तो मोह आवरला नाहीं. मास्कान्यीच्या १८९० च्या संगीतिकेंतील नुसत्या वाद्यवृंदाच्या तुकड्यालाही पुढें शब्द जोडून ‘आव्हे मारिया’ करण्यांत आलें. आणि अगदीं अलीकडे, २००२ मध्यें, दाविद बिसबाल या स्पॅनिश गायकाच्या ‘आव्हे मारिया’नें तरुणांना नाचविलें, त्यांतील मारिया ही एक हाडामांसाची मुलगी आहे आणि तिच्याकडे मागणें आहे तें प्रेमाचें. तबकडीच्या दुकानांत पोऱ्यानें चुकून ही तबकडी बांधून दिली, तर इगर्जींत काय प्रसंग ओढवेल तो ओढवो!

तबकडीचा उल्लेख आला आहे, तर तिच्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. छापखान्यानें सुरू केलेला घोटाळा फोनोग्राफनें शतपट केला. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचें गाणें मावे आणि मधल्या चकतीवर दोन ओळींची जागा असे. तेवढ्यांत गाण्याचें नांव व गाणाऱ्याचें नांव आलें कीं रचनाकाराला जागाच उरत नसे. ग्रामोफोन कंपनीचे लोक १९०२ मध्यें रोमला गेले आणि पुन्हां १९०४ मध्यें गेले. पोपच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिरांत आलेस्सांद्रो मोरेस्की नांवाचा गायक होता. बालपणींच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटूं दिला जात नसे, अशा गायकांच्या परंपरेंतला तो अखेरचा. १९०३ मध्यें पोप दहावा पायस यानें इगर्जींतील वरच्या पट्टीचें गाणें मुलांकडून गाऊन घ्यावें असें फर्मान काढलें होतें, म्हणजे ती परंपरा संपलीच होती. मोरेस्कीनें १९०४ मध्यें बाख–गूनोची ‘आव्हे मारिया’ गाऊन ठेविली. त्याचें वय तेव्हां ४५ च्या पुढें होतें. आवाज कोठें कोठें हेलकावे खातो, कोठें हुंदक्यासारखा तुटतो. प्रथम ऐकतांना मला हसूं आलें होतें. दुसऱ्यांदा हसूं आलें नाहीं.

याच कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या वसंतांत रोममध्यें मोरेस्कीचें गाणें मुद्रित करीत होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो कलकत्त्याला येऊन गोहरजान हिचें गाणें घेत होता. आपल्याकडील तबकड्यांवर तर गाण्याच्या नांवाऐवजीं ‘भैरवी’, ‘पिलू’ असें रागाचेंच नांव छापीत. तेव्हां एका नांवाचीं गाणीं डझनांनीं निघालीं. या तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हानोव्हर येथें. तेथल्या कारागिरांना भाषा येईना कीं गाणें कळेना. म्हणून गोहरजान गाण्याच्या शेवटीं इंग्रजींत आपलें नांव ठणकावून सांगे. ऐकणाऱ्याला त्यांत बाईंचा तोरा दिसतो. मला त्यांत संतांची मुद्रिका दिसते.

नांव एकच असलें तरी गाणाऱ्यामुळें आणि प्रसंगामुळें गाणें कसें आपलें आपलें होतें, याचें एक उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. मॅरियन अँडरसन ही अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायिका. युरोपनें तिला डोक्यावर घेतलें होतें. परंतु १९३९ मध्यें वॉशिंग्टन येथील कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें गाण्यास, केवळ वर्णामुळें, तिला मज्जाव झाला. दिवाणखान्याची मालकी असलेल्या संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनीं दिला. मग ९ एप्रिल १९३९ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आभाळाखालीं ती गायली. समोर ७५,००० लोक होते आणि रेडिओवरून आणखी लक्षावधि लोक ऐकत होते. त्या दिवशींच्या गाण्यांत शूबर्टची ‘आव्हे मारिया’ होती. घर नाकारलेल्या मुलीनें उघड्यावर म्हटलेली प्रार्थना! स्कॉटची एलेन हरवली असें मीं मघाशीं म्हटलें. त्या दिवशीं ती पुन्हां सांपडली असें मला वाटतें.

आतां माझ्या शेजारणीकडे येतों. चौथ्या दिवशीं मला जें गाणें सांपडलें तें कानावर पडतांच बाई उठून उभ्या राहिल्या. आरंभीं मंद साथ, मग उतरत उतरत जाणारी अत्यंत करुण चाल आणि शब्द दोनच : आव्हे मारिया, पुन्हां पुन्हां तेवढेच. वेष्टनावर रचनाकाराचें नांव होतें जूलियो काचीनी. हा फ्लॉरेन्सच्या दरबारचा गायक; १५५१ ते १६१८ हा त्याचा काळ. “आई नेहमीं म्हणायची,” बाई बोलल्या, “हें चारशें वर्षांचें गाणें आहे. आपल्या गोव्यांत पाद्री आले तेव्हांचें.”

मी गप्प राहिलों. कारण तें चारशें वर्षांचें नाहीं, हें मला ठाऊक होतें.

व्लादिमीर वाविलोव हा लेनिनग्राडचा गिटार व ल्यूट वाजविणारा कलावंत; जन्म १९२५. १९७० मध्यें रशियांतील ‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीनें त्याची ‘सोळाव्या व सतराव्या शतकांतील ल्यूट-संगीत’ या नांवाची तबकडी काढली. तिच्यावर प्रत्येक रचनेपुढें जुन्या इटालियन वगैरे उस्तादांचीं नांवें होतीं. वस्तुतः बहुतेक सर्व रचना वाविलोवच्या स्वतःच्या होत्या. त्यांतील ‘आव्हे मारिया’पुढें त्यानें ‘अज्ञात’ असें लिहिलें होतें. आपल्यासारख्या अप्रसिद्ध माणसाचें संगीत कोणी छापणार नाहीं. जुन्या उस्तादांच्या नांवाखालीं तरी तें लोकांपर्यंत जाईल, असा त्याचा विचार होता, असें त्याच्या घरच्यांनीं पुढें सांगितलें. १९७३ मध्यें तो वारला. त्या तबकडीवरील आणखी एका चालीला एका रशियन कवीनें शब्द दिले आणि त्या गाण्यानें पुढें सबंध रशिया वेडा केला; तें ऐकावयासही तो उरला नव्हता.

‘अज्ञात’ हा शब्द मात्र फार दिवस टिकला नाहीं. वाविलोवच्या मृत्यूनंतर त्याच्या बरोबरच्या वादकांतून हें गाणें काचीनीच्या नांवानें पसरलें आणि १९९० नंतर मोठमोठ्या गायिकांच्या तबकड्यांवर तेंच नांव आलें. काचीनीच्या छापील पुस्तकांत हें गाणें नाहीं. त्याच्या हस्तलिखितांतही नाहीं. त्यांतील स्वरसमूहांची ठेवण विसाव्या शतकाची आहे, ती जाणकार कानाला लपत नाहीं. पण याहून मोठी गंमत पुढेंच आहे. १६०२ च्या आपल्या ग्रंथांत काचीनीनें ज्या मताचा हिरिरीनें पुरस्कार केला, तें मत असें कीं संगीतानें शब्दांची सेवा करावी. शब्द आधीं, स्वर मागाहून. त्या माणसाच्या माथीं दोनच शब्द घोळविणारें गाणें मारावें! ज्यांनीं त्याचें नांव घातलें त्यांनीं त्याचें पुस्तक वाचलें नसावें.

हें सारें बाईंना सांगावें कीं न सांगावें, हा माझ्यापुढें प्रश्न होता. त्यांच्या आईची चारशें वर्षांवर श्रद्धा होती. मीसेची छापील पत्रिका तयार होत होती आणि तींत काचीनीचें नांव जुळवूनही झालें होतें. न सांगितल्यानें कोणाचें कांहीं बिघडणार नव्हतें. दोन दिवस मीं कळ काढली आणि तिसऱ्या दिवशीं सांगून टाकलें.

बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यानें स्वतःचें नांव घातलें नाहीं, आणि मेल्यावर लोकांनीं दुसऱ्याचें घातलें?”

मीं होय म्हटलें.

“तुम्हीं तें नीट लिहून द्या,” त्या म्हणाल्या. मीं एका कागदावर नांव लिहून दिलें, रोमन अक्षरांत आणि देवनागरींतही. तो कागद घेऊन त्या तशाच छापखान्याकडे गेल्या.

मीसेच्या दिवशीं मी मागच्या बांकावर बसलों होतों. गाणारी मुलगी लहान होती. वरच्या स्वराला ती थोडी घाबरली, पण सांवरली. पत्रिकेवर ‘आव्हे मारिया’, त्याच्यापुढें ‘व्लादिमीर वाविलोव, लेनिनग्राड, १९७०’ असें छापलें होतें आणि त्याच्या खालच्या ओळींत बाईंच्या आईचें नांव होतें.